दिवाणजीचा डिप्लोमा: कम्युनिटी कॉलेजातली दोन वर्षं

पाचपैकी साडेतीन तारे. ज्याचा स्वतःचा धंदा आहे किंवा जो दुसऱ्याच्या धंद्याची वही सांभाळतो, त्याच्यासाठी साडेचार. बारावी होऊन थेट नोकरीच्या आशेनं येणाऱ्या पोरापोरींसाठी अडीच. सरासरी काढली.

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकणाऱ्या पेढीत, दिवाणजी आहे. बारावी कॉमर्सनंतर पेढीवर बसलो तो बसलोच. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेबाचा कागद), उचलीचा हिशेब, हे सगळं जुन्या दिवाणजींच्या शेजारी बसून शिकलो. अण्णा, म्हणजे आमचे मालक, कर्जाच्या नूतनीकरणाला बँकेत गेले की साहेब जे प्रश्न विचारायचे त्यांची उत्तरं मात्र आमच्या दोघांकडेही नसायची. ‘करंट रेशो काय आहे?’ म्हटल्यावर अण्णा माझ्याकडं बघायचे आणि मी छताकडं. शेवटी २०२२ च्या पावसाळ्यात एका कम्युनिटी कॉलेजात बिझनेस आणि अकाउंटिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घातलं, २०२४ ला बाहेर पडलो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुढं तक्रारी आहेत, आणि तिथल्या दोन-तीन शिक्षकांशी माझं अजून काम पडतं.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण माहितीपत्रक वाचून मला काही कळलं नव्हतं. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१३-१४ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. चालू असलेल्या कॉलेजातच हे कोर्स चालतात, वेगळी इमारत शोधत बसू नका. मी ज्या नियमात शिकलो त्यात एक वर्ष केलं की डिप्लोमा, दोन वर्षं केली की ॲडव्हान्स्ड डिप्लोमा. वर्षाला ६० क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), त्यातली ३६ कामाच्या कौशल्याची आणि २४ सामान्य शिक्षणाची. वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ, शनिवारी दुपारून प्रॅक्टिकल. फी माझ्या वेळी वर्षाला साडेआठ हजार, दोन हप्त्यांत. एवढ्या पैशात शहरात धड टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लास आणि जीएसटीचा क्लास मिळून होत नाही, त्यामुळं पैशाच्या बाबतीत कुरकुर नाही.

ही कल्पना मूळ अमेरिकेची. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ सालचं, तिथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत ते सगळ्यात जुनं. मला यात रस असायचं कारण अण्णांची भाची. ती कॅलिफोर्नियात जन्मली-वाढली, आणि नेमकी त्याच सुमाराला तिथल्या कम्युनिटी कॉलेजात बिझनेसची असोसिएट डिग्री करत होती. अण्णांना वाटलं पोरगी वाया गेली, धड युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला नाही. ती दिवाळीत आली तेव्हा मी कागद-पेन घेऊनच बसलो. त्या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. तिथल्या रहिवाशाला एका क्रेडिटला ४६ डॉलर फी. डिग्रीला ६० क्रेडिट, म्हणजे दोन वर्षांचे झाले २,७६० डॉलर, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. हे झालं की ठरलेल्या विषयांची ‘ट्रान्सफर’ डिग्री घेणाऱ्याला राज्याच्या विद्यापीठांच्या साखळीत पुढच्या दोन वर्षांसाठी जागा मिळण्याची हमी असते. अमुकच शहरातलं विद्यापीठ मिळेल ही हमी मात्र नाही. म्हणजे पदवी चार वर्षांचीच, पण पहिली दोन वर्षं स्वस्तात. आकडे पुढ्यात ठेवल्यावर अण्णा म्हणाले, “पोरगी आपल्यापेक्षा हुशार हाय की.” (इथून व्हिसा काढून जाणाऱ्यांनी ४६ डॉलरवर हुरळून जाऊ नये. बाहेरच्यांना दर कित्येक पटींनी जास्त असतो.)

तिचे विषय असे: फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजेरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ, स्टॅटिस्टिक्स. आमचे जवळपास हेच, वर जीएसटी आणि टॅली. आमची दोन वर्षांची क्रेडिट १२० आणि तिची ६० म्हणून आमचा कोर्स दुप्पट असं काही समजू नका, मोजण्याची रीतच निराळी आहे. खरा फरक पुढच्या दाराचा. तिला विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाचं दार कागदावर लिहून दिलेलं आहे. आपल्याकडं ते दार आहे की नाही हे ज्यानं त्यानं कॉलेजात जाऊन विचारायचं. त्यावर शेवटी येतो.

आता मूळ मुद्दा, शिकवणं. अकाउंट्सला एक सीए सर यायचे. दिवसभर स्वतःच्या ऑफिसात, संध्याकाळी आमच्याकडं. कधी पंधरा मिनिटं उशीर, कधी अर्धा तास, आणि मार्च आणि सप्टेंबरमध्ये तर दर्शनच दुर्लभ. पण आले की सोनं. पहिल्या सहामाहीत त्यांनी कन्साइनमेंट अकाउंट घेतलं. पुस्तकातलं उदाहरण होतं मुंबईचा कोणी व्यापारी दिल्लीच्या एजंटाकडं कापड पाठवतो त्याचं. निम्मा वर्ग पेंगत होता. सरांनी विचारलं, कुणी असा धंदा प्रत्यक्ष बघितलाय का? मी म्हटलं, सर, आम्ही रोज तोच करतो.

मग त्यांनी मला फळ्यावर बोलावलं आणि पट्टी लिहायला लावली. समजा, कागल तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचे ३० किलोचे ४० रवे (गुळाच्या मोठ्या ढेपा) आले. म्हणजे १२ क्विंटल. सौद्यात दर निघाला ४,०००. झाले ४८,०००. त्यातून हमाली, तोलाई वजा, हंगामाआधी त्यानं गुऱ्हाळ चालू करायला घेतलेली उचल वजा, उरले ते त्याच्या हातात. सरांनी फक्त एक प्रश्न विचारला: यातली तुमच्या पेढीची विक्री किती? मी म्हटलं अठ्ठेचाळीस. सर हसले. माल शेतकऱ्याचा, विक्री शेतकऱ्याची, दर पडला तर खोट त्याची. पेढीचं उत्पन्न म्हणजे फक्त अडत. आणि हे काही पुस्तकी नाही. प्राप्तिकर खात्याच्या १९८६ सालच्या परिपत्रकातच कच्चा अडत्या आणि पक्का अडत्या असा भेद केलाय. कच्च्या अडत्याच्या उलाढालीत दुसऱ्याच्या वतीनं विकलेल्या मालाची किंमत धरायची नाही, फक्त कमिशन धरायचं. पक्क्या अडत्यानं माल स्वतःच्या नावावर घेतलेला असतो, त्याची सगळी विक्री मोजायची.

दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन मी जुन्या वह्या काढल्या. आम्ही थोडा माल स्वतःच्या नावावर घेऊन कोल्ड स्टोअरेजलाही ठेवतो. तो आणि शेतकऱ्याचा माल, दोन्हीची जमा-नावे एकाच खात्यात घातलेली, पिढ्यानपिढ्या. बँकेला उलाढाल दिसायची हत्तीएवढी आणि नफा मुंगीएवढा, म्हणून साहेब दर वर्षी भुवया उंचावायचे. आता दोन्हीची खाती वेगळी ठेवतो. साडेआठ हजार फी तिथंच वसूल झाली असं माझं मत आहे.

दुसरी चांगली गोष्ट जीएसटीची तासिका, आणि त्यात नशिबाचा भाग मोठा. आम्ही शिकायला लागलो तेव्हा १८ जुलै २०२२ चा बदल ताजा होता. सुटा गूळ करमुक्त, पण वजन-किंमत छापून आधीच पॅक केलेला २५ किलोपर्यंतचा गूळ ५ टक्क्यांत. यार्डात सगळीकडं तीच चर्चा. मॅडमनी पाठ्यपुस्तक मिटून तो विषय घेतला. ३० किलोचा रवा यात येतो का? एक किलोची ढेप नुसत्या कागदात गुंडाळून दिली तर? बॉक्सवर नाव-पत्ता-वजन छापलं तर? एकेका प्रश्नावर वर्गात भांडण. मग त्यांनी २०१७ चं एक परिपत्रक दाखवलं, त्यात साठवणुकीच्या सेवेवरच्या सवलतीसाठी गूळ हा शेतमाल धरायचा नाही असं स्पष्ट लिहिलंय. स्वतःच्या रानातला ऊस, स्वतःच्या गुऱ्हाळात आटवलेला, आणि तो शेतमाल नाही! वर्गात करवीर तालुक्यातली दोन शेतकऱ्यांची पोरं होती, ती उठून उभीच राहिली. मॅडम म्हणाल्या, “कायदा मी केला नाही, बाळांनो, मी फक्त वाचून दाखवते.” असा तास रोज झाला असता तर मी पाच तारे दिले असते.

कॉस्टिंगही कामाचं. प्रोजेक्टला मी एक किलोच्या पाकिटाचा हिशेब घेतला. गूळ ४२ रुपये, पॅकिंग, लेबल आणि मजुरी ६, दुकानदाराला दर ५५, कर वेगळा. पाकिटामागं सुटले ७. खोलीभाडं, सीलिंग मशिनचा हप्ता, एक माणूस, मिळून महिन्याला ३५,००० धरले. म्हणजे महिन्याला ५,००० पाकिटं खपली तर नुसतं बरोबरीला येणार, ५ टन. त्याच्या वर अन्न परवाना, लेबलवरचे नियम. कोल्हापुरी गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, नाव आहे, मग पॅकिंग का करत नाही असं यार्डाबाहेरचा प्रत्येक माणूस आम्हाला सुनावतो. त्याला आता हा कागद दाखवतो. अण्णांनी तो बघितला आणि म्हणाले, “पाच टन किलो-किलोनं विकायला मी काय दारोदार हिंडू?” विषय तिथं संपला, पण निदान आकड्यावर संपला.

उद्यमनगरातला एक वर्गमित्र होता, वडिलांचं लेथचं वर्कशॉप, मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क. बिलं चार-चार महिने अडकायची. बिझनेस लॉच्या तासाला त्याला कळलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं, आणि २०२३-२४ पासून मुदतीत पैसे दिले नाहीत तर माल किंवा काम घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. पठ्ठ्यानं आपल्या उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापायला सुरुवात केली. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याला पार्टीकडून आपणहून फोन आले. मी लगेच विचारलं, आम्हाला चालतं का? नाही. आम्ही पडलो व्यापारी, या तरतुदीचा फायदा उत्पादन आणि सेवावाल्यांना. असो.

आता वाईट. कॉम्प्युटर लॅब. वीसेक मशिन, चालू निम्मी, आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे परवाना न घेता शिकण्यापुरतं चालणारं. ज्यांनी वापरलंय त्यांना कळलं असेल. त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंद करता येते. त्यामुळं आमच्या लॅबमध्ये अख्ख्या महिन्याचा व्यवहार पहिल्या दोन दिवसांत व्हायचा आणि पगार ३१ ला. शिकण्यापुरतं ठीक म्हणतात, पण बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपली वही बँकेच्या नोंदींशी जुळवणं, कसं शिकवणार? चेक एक तारखेला दिला आणि दोन तारखेला वटला! परवान्याचे पैसे भरा म्हणून अर्ज दिला, तो ऑफिसात अजून असेल. दुसऱ्या वर्षी मी अण्णांच्या परवानगीनं पेढीचा लॅपटॉप न्यायला लागलो, तर पाच-सहाजण माझ्याच भोवती.

मार्केटिंगचा पेपर म्हणजे स्लाइड वाचून दाखवणं. सगळी उदाहरणं परदेशी कोल्ड्रिंक आणि मोबाइलची. महाद्वार रोडवर दिवाळीत सेल कसा लागतो, गुजरीत एकाच गल्लीत इतकी सराफी दुकानं शेजारी-शेजारी कशी तगतात, चप्पल लाइनला गिऱ्हाईक भाव कसा पाडतं, हे बिंदू चौकातून चालत पाच मिनिटांवर आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली; बाजार कसा उभा राहतो याचं याहून जवळचं उदाहरण कुठलं पाहिजे? तरुण सर होते, बिचाऱ्यांना तासावर पैसे, तेही सहा महिन्यांनी मिळायचे असं कानावर आलं. त्यांच्यावर राग नाही. इंग्रजी संभाषण, पर्यावरण वगैरे विषय जसे असतात तसे झाले.

खरा राग इंटर्नशिपवर. कौशल्याचा कोर्स म्हणून जाहिरात करायची, तर हाच भाग दणदणीत पाहिजे. मला आणि त्या उद्यमनगरवाल्याला आमच्याच ठिकाणी काम दाखवायला परवानगी मिळाली, आमचं भागलं. ज्या पोरांचं कुठंच काही नव्हतं त्यांना एका मोठ्या दुकानात पाठवलं. तिथं त्यांनी मालाची खोकी उचलली आणि फळ्या लावल्या. बिल, स्टॉक रजिस्टर, खरेदीची ऑर्डर, यातलं काही त्यांच्या हाताला लागू दिलं नाही. पन्हाळ्याकडून रोज एसटीनं येणारी एक मुलगी होती, अकाउंट्समध्ये आमच्या सगळ्यांच्या पुढं. तिनं सरळ जाऊन सांगितलं, मला काउंटरमागं बसवा नाहीतर सही नको. बसवलं नाही. शेवटी सीए सरांनी तिला स्वतःच्या ऑफिसात घेतलं, आणि आज ती तिथंच आहे. पण हे सरांमुळं झालं, कॉलेजमुळं नाही. अडीच तारे म्हणालो ते या पोरांसाठी. नोकरीचा मेळावा म्हणून जो झाला त्यात दोन विमावाले आणि एक फायनान्स कंपनीचे वसुलीवाले होते.

आमच्यासारख्या कामकऱ्यांसाठी अडचण वेगळीच. गुळाचा हंगाम दिवाळीच्या आसपास तापतो आणि मार्चपर्यंत चालतो. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की पुढं पट्ट्या लिहिता लिहिता रात्र होते, आणि नेमकी तेव्हाच पहिल्या सहामाहीची परीक्षा. हजेरी ७५ टक्के पाहिजे. प्रमुख मॅडमना भेटून, पेढीचं पत्र देऊन थोडी सवलत मिळवता येते, पण ती आधी मागावी लागते. परीक्षेच्या तोंडावर मागायला गेलेल्यांना ऑफिसातल्या बाई कशा बोलतात ते ऐकलंय. ऑफिस म्हणाल तर पहिल्या वर्षाची गुणपत्रिका दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर हातात आली. वर्ग सुटायला नऊ, तेव्हा लांबून येणाऱ्यांनी केएमटीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघूनच नाव घालावं. मुलींच्या घरच्यांनी तर नक्कीच. कँटीन सातलाच बंद होतं.

आता त्या दाराचं. प्रवेशाआधी काउंटरवर तीन-चार गोष्टी तोंडी न विचारता लेखी विचारा. प्रमाणपत्रावर विद्यापीठाचा शिक्का असणार की फक्त कॉलेजचा? दोन वर्षांनंतर बी.व्होक.च्या (कौशल्याच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला इथंच प्रवेश आहे का, की बी.कॉम.ला पुन्हा पहिल्यापासून? क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याच्या क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा करतात का? आमच्या बॅचला ते खातं काढायला लावलं, पण क्रेडिट चढलीत का हे ज्याचं त्यानं बघायचं होतं. आणि अकाउंट्स कोण शिकवणार, त्या माणसाचं नाव. शिक्षकाचं नाव सांगायला काउंटरवर टाळाटाळ झाली तर पुढचं समजून घ्या. ज्यांना फक्त पदवीच हवी आहे, वर्गात बसायला वेळ नाही, त्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.कॉम. आहे. १९८९ पासून ते याच लोकांसाठी चाललंय, अभ्यासकेंद्रं गावोगाव आहेत. फक्त तिथं कुणी तुम्हाला फळ्यावर बोलावून पट्टी लिहायला लावणार नाही.

अण्णांचा धाकटा यंदा बारावीला आहे. “दिवाणजी, घालू का ह्याला तुमच्या कॉलेजात?” म्हणाले. मी म्हटलं, अण्णा, दिवसा नेहमीच्या बी.कॉम.ला घाला, संध्याकाळी पेढीवर बसवा. पट्टी लिहायला यायला लागली, सौद्यात चार वेळा फसला, की मग इथलं वर्षाचं डिप्लोमाचं बघू. पोराला ते आवडलेलं दिसलं नाही.

शिक्षणात खंड पडलेल्यांसाठी एक: गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. फॉर्म भरायच्या आधीच करून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात कोर्टाबाहेरच्या टेबलांवर रांग असते, आणि ऑफिसची खिडकी पाचला बंद होते ती होतेच.